तीन तोराकिची

विमानतळावर विचारलं, खाण्याचं काही आहे?
मी म्हटलं, संत्री. सहा.
कुणासाठी?
पणजोबांसाठी.
हातमोजे घातलेल्या त्या मुलीने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं,
मग हिशेब सोडून दिला
आणि पिवळ्या पिंपाकडे बोट केलं.
एकेक करून टाकली. सहा वेळा आवाज आला.
सातवं मी विमानातच खाल्लं होतं,
नाहीतर आमच्या कुशिमोतोच्या उतारावरचं
एकही फळ इथवर पोचलं नसतं.

ब्रूम गाव तांबडं. माती अशी की
पांढरे मोजे दुपारपर्यंत विटकरी.
दफनभूमीत मर्सिया नावाची बाई पाण्याचा कॅन घेऊन आली.
तिचा आजा शिंपले उघडायचा, मलायाकडचा;
आजी इथलीच, होड्यांच्या आधीपासूनची.
म्हणाली, तुमच्या देशातून येणारे सगळे आधी वाकतात
आणि मग उन्हाला शिव्या देतात.
स्वतःची टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली.

मोत्यांसाठी नव्हते ते उतरत. शिंपल्यासाठी,
सदऱ्यांच्या गुंड्यांसाठी.
कुठल्या कुठल्या शहरांत कोण कोण
गळ्याशी लावून हिंडले असतील
चौदा वाव पाणी.

कंपनीचं पत्र होतं आमच्याकडे, चार ओळींचं.
चौदा वाव. वर घेतला तेव्हा बोलत होता.
तंबाखू मागितली.
मग पाय गेले. मग उरलेला.
देवळातल्या नोंदवहीत महिना आहे, सहावा;
साल कसरीने खाल्लं.
आणि पणजी त्याचं वय दर वेळी वेगळं सांगायची,
त्या दिवशी जसा आठवेल तसा.

म्हणून हे असं झालं:
शिओझाकी तोराकिची, वय सव्वीस.
दोन रांगा सोडून शिओझाकी तोराकिची, वय एकोणीस.
कुंपणापाशी शिओझाकी तोराकिची,
आणि जिथे वय असतं तिथला दगडच नाही.
आमच्या गावात होड्या फार, नावं थोडी.

मर्सिया म्हणाली, एक निवड.
पुष्कळ जण निवडतात. तक्रार अजून आलेली नाही.

सव्वीसच्या समोर बसले. पणजोबा, म्हणून पाहिलं.
जमलं. पण शाळेत हजेरी दिल्यासारखं.
एकोणिसाच्या समोर तो शब्द तोंडातच फिरत राहिला.
माझा धाकटा सत्तावीसचा आहे, त्याला अजून
अंडं नीट उकडता येत नाही.
तोंडातून निघालं ते, अरे.
अरे, एवढे शिशाचे बूट घालून कुठे उतरलास तू.
आजी तेव्हा पोटात होती, हे त्याला,
त्याला की दुसऱ्याला,
कुणी कळवलं होतं का, तेही पत्रात नाही.

तिसऱ्यापाशी काही बोलले नाही.
फुटलेल्या जागेवर अंगठा फिरवला.
नखात अजून सालीचा वास होता.
मग उठून पुन्हा पहिल्याकडे गेले, मग दुसऱ्याकडे,
वास पुरेल की नाही या काळजीने, घाईघाईत,
म्हातारी बाई, परकीची टोपी घातलेली.
मर्सियाने पाणी ओतलं. तिसऱ्यावर जरा जास्त.
का, ते मी विचारलं नाही.

घरी विचारतील, कोणता?
काय सांगायचं ते ओसाकाला उतरेपर्यंत ठरवेन.
त्याआधी तिथला माणूस विचारेल, माती आणली आहे का?
परदेशातली माती चालत नाही आमच्याकडे.
बुटांच्या शिवणीत आहे. तिघांचीही, एकत्र.

संत्र्यांच्या वेळी खरं सांगितलं होतं.